दुकानात बसून घेतलेला कमोड

आम्ही नवराबायकोनं जोडीनं केलेलं शेवटचं काम म्हणजे संडासाचा कमोड आणणं. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. अंगणाच्या कोपऱ्यातल्या जुन्या संडासात एकदा खाली बसली की तिला उठता यायचं नाही, मला हाक मारायची. मी दारातून हात द्यायचो. तिला लाज वाटायची, मला राग यायचा. तिचा नव्हे, त्या संडासाचा.

दुकानात मांडलेल्या कमोडवर ती साडी सावरून सगळ्यांदेखत बसली.

दुकानदार म्हणाला, "मावशी, ते नुसतं दाखवायला ठेवलंय."

"मग मी बी नुसतं बघायलेय की. चप्पल घेताना घालून बघतोय न्हवं? आन् ह्याच्यावर तर रोज बसायचंय."

पहिल्यावर तिचे पाय लोंबकळले. दुसरा बुटका निघाला. तिसऱ्यावरून ती कुणाचा हात न धरता उठली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "अवो, ह्योच."

येताना रिक्षात तो आमच्या पायाशी. रिक्षावाला आरशातून बघून हसत होता. "हस बाबा," ती म्हणाली, "तुझं बी गुडघं जात्यात की एक दिवस."

गवंडी सोमवारी येणार होता. शनिवारी पहाटे ती झोपेतच गेली.

त्या कमोडला इतकी वर्षं का लागली, ते सांगतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा जन्म गेला, टॉवेलच्या मागावर. ती घरी मशीनवर टॉवेलच्या किनारी शिवायची. टॉवेल दोन जातीचे. एक अंग पुसायचा, दुसरा आहेराचा. आहेराच्या टॉवेलला सूत कमी आणि रंग जास्त. त्यानं पाणी टिपलं जात नाही, नुसतं अंगावर इकडून तिकडं सरकतं. हे मालकाला ठाऊक, आम्हाला ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. तो कुणी वापरत नाही. लग्नात मिळतो, पेटीत पडतो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. असला माल मी आयुष्यभर विणला आणि त्याच्या मजुरीतून तसलाच माल विकत घेऊन पाव्हण्यांना वाटला. शहाणपणा बघा आमचा.

कमोडचे पैसे दोनदा जमले होते. पहिल्यांदा तिच्या भावाच्या पोराचं लग्न निघालं. दुसऱ्यांदा लेकीच्या सासरी वास्तुशांत. दोन्ही वेळा तीच म्हणाली, "आपलं काय, पुढच्या साली करू. पाव्हण्यांत नाक ऱ्हायलं पायजे." नाक राहिलं. गुडघे गेले.

मग यंदा आणखी एक लग्नपत्रिका आली. ती तिनं वाचलीसुद्धा नाही. म्हणाली, "आता कुणाच्या बी घरी काय बी असू दे. आधी माझा संडास. माझ्या पैशानं मला बसायला जागा हुईना, आन् मी दुसऱ्याच्या मांडवात आहेर करत बसू व्हय?" असं ती पहिल्यांदाच बोलली. दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो.

ती गेल्यावर घर माणसांनी भरलं. कमोड व्हरांड्यातच होता. सुनेनं त्यावर चादर टाकली. भेटायला येणारे टेबल समजून त्यावर पाण्याचे ग्लास ठेवायचे.

माझा मुलगा जुळे सोलापूरला फ्लॅटमध्ये राहतो. तेराव्याचं सगळं त्यानं ठरवून टाकलं. बुंदीची पंगत, आणि येईल त्याला एक टॉवेल, त्यावर तिचं नाव छापून, 'स्मरणार्थ' म्हणून. संध्याकाळी माझ्याजवळ बसून म्हणाला, "आबा, दुकानदाराशी बोललोय. कमोड वापरलेला नाही तोवर परत घेतो म्हणतोय. उद्या सकाळी दहा वाजता टेम्पो येईल. ते पैसे आणि गवंड्यासाठी ठेवलेले, दोन्ही मिळून टॉवेलचं भागतंय."

"टॉवेल न्हाई, पंगत न्हाई," मी म्हणालो. "दहावा करू, पिंड ठेवू. बाकीच्या पैशानं तिनं सांगितलं तेच हुईल."

तिचा भाऊ समोरच बसला होता. म्हणाला, "दाजी, माझ्या बहिणीचं तेरावं नको, आन् संडास पायजे? ऐकणारं थुकतील की तोंडावर."

"पाव्हणं, तिचा पयला संडास तुमच्या पोराच्या लग्नात गेला. तुमच्या सुनेच्या शालूत. तवा कोण थुकलं न्हाई."

मेहुण्याची बायको पदर डोळ्याला लावून आत गेली. मग मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आबा, पण आई आता नाही. कुणासाठी बांधायचा?"

"माझं गुडघं काय लोखंडाचं हायत?" म्हणालो आणि उठलो. पण ते काही उत्तर नव्हे. ज्या बाईनं स्वतःसाठी म्हणून आयुष्यात एकच वस्तू निवडून घेतली, ती वस्तू परत करून पाणी न टिपणाऱ्या कापडावर तिचं नाव छापायचं, एवढं मला सहन होईना. मला तेवढंच कळत होतं.

मागून मेहुण्याचा आवाज आला, "सुतकात कोण गवंडी हात लावतोय बघू. सकाळी टेम्पोत चढवून द्या, म्हातारं वरडंल आन् गप बसंल."

सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो. पहार घेतली, संडासाचं दार उघडलं आणि ते जुनं खाली बसायचं भांडं फोडलं. दोन घाव वाया गेले, तिसऱ्याला ते उभं चिरलं. मग हात थांबवला नाही. आजूबाजूची फरशीही उखडली. आवाजानं घर जागं झालं. मेहुणा हातात बादली घेऊन सगळ्यांच्या पुढं आला होता, त्याच्या मागं सून, तिच्या मागं पाव्हणे.

"दाजी, ह्ये काय करून ठेवलं? आता आमी जायचं कुटं?"

"गवंडी नाक्यावर हाय," मी म्हणालो. "त्याला घिऊन या. सुतकाचं काय ते तुमीच समजवा त्याला. घाई तुमाला हाय."

आणि घमेलं ओढून तुकडे भरायला बसलो.