डोमानं थाप मारली नाही

आमची कंपनी जंगल ट्रेनिंगसाठी चांदा जिल्ह्यात आली, तेव्हा लढाई कुठंच नव्हती. कॅम्प मार्कंड्याच्या वरच्या अंगाला, वैनगंगेच्या काठावर. सकाळी पीटी, मग पेट्रोलिंग, संध्याकाळी नदीच्या रेतीत अनआर्म्ड कॉम्बॅट. मी त्याच जिल्ह्यातल्या मूल गावचा, लान्सनायक. माझ्या सेक्शनमधला सिपाही डोमा तिथल्याच ढिवरांच्या गावचा. मासे धरणारं घर. पण आखाड्यात पोराचं नाव होतं.

शिकवायला एक हवालदार होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. जुजुत्सूचा गळफास ते सावकाश दाखवायचे. पाठीवर चढायचं, टाचा समोरच्याच्या मांड्यांत अडकवायच्या, एक हात गळ्याभोवती घालून कोपर हनुवटीखाली आणायचं. त्या पंजानं आपलाच दुसरा दंड धरायचा, दुसरा पंजा त्याच्या डोक्यामागं. आवळलं की डोक्याकडं जाणारं रक्त थांबतं, माणूस गप्प होतो. ज्याचा गळा धरलाय त्यानं हार कबूल म्हणून हातानं जमिनीवर थाप मारायची, थाप पडली की लगेच सोडायचं.

डोमा थाप मारायचाच नाही. आखाड्यात पाठ मातीला लागली तरच हार, आपल्या हातानं हार कबूल करणं म्हणजे लाज. खाली पडला की तो पालथा व्हायचा, हात छातीखाली. कुस्तीत त्यानं पाठ वाचते, इथं आयता गळा मिळतो. मी चिडायचो.

"अबे, काऊन पालथा होतं? लागू दे ना पाठ!"

"भाऊ, आंगच वळते. मी का करू?"

शेवटच्या दिवशी कॅप्टनसाहेबांनी गावकऱ्यांना डेमो पाहायला बोलावलं. डोमाचा बाप पहिल्या रांगेत बसला. उस्तादांसमोर डोमाला उभं केलं तसा मी पुढं झालो.

"साब, इसको मत लीजिए. ये थाप नहीं देता."

"आज सीख जाएगा," साहेब हसून म्हणाले.

उस्तादांनी त्याला खाली घेतलं. डोमा पालथा झाला, तोंड रेतीत, हात छातीखाली. उस्ताद पाठीवर चढले, फास बसला. त्यांना ना त्याचं तोंड दिसत होतं, ना हात.

"साब, छोड़ दूँ?"

"थाप नहीं, तो छोड़ना नहीं. कैरी ऑन."

तिकडं डोमाचा म्हातारा उठून टाळ्या वाजवत नाचायला लागला. "नाई लागली! माह्या पोट्ट्याची पाठ नाई लागली!" सारा गाव टाळ्या पिटत होता. मला डोमाचे पाय सैल पडलेले दिसले. मी धावत जाऊन उस्तादांचा हात ओढून काढला. आम्ही डोमाला उताणा केला, तेव्हा त्याची पाठ रेतीला लागली. टाळ्या थांबल्या. कॅम्पच्या डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली. तो उठला नाही.

ट्रेनिंगमधला अपघात, असं ठरलं. साहेब पुढं मेजर झाले. उस्तादांनी तो डाव पुन्हा कधी शिकवला नाही. 'छोड़ दो' म्हणायला त्या साहेबाच्या बापाचं काय जात होतं? आज इतकी वर्षं झाली, तरी माझं डोकं फिरतं. पलटणीच्या दगडावर लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. डोमाचं नाही. त्याच्यासमोर शत्रू नव्हता ना!

तेव्हा प्रेत गावी न्यायला नदीतल्या डोंग्यात ठेवताना डोमाच्या बापानं मला विचारलं, "भाऊ, तुमच्या खेळात पाठ नाई लागली तरी मानूस हरते का?"

"हो, बाबा."

"मग मले कोनी सांगतलं काऊन नाई? मी तं टाळ्या वाजवून राह्यलो होतो."