पिलूची झुडपं

नव्वदीच्या सुरुवातीला मी बारामतीहून एसटीने इंदापूरकडच्या एका खेड्यात विज्ञान शिकवायला जायची. शाळेमागच्या माळावर पिलूची जुनी झुडपं होती. वेडीवाकडी, ना धड सावली ना फुलं. वृक्षारोपणासाठी रोपं आली तेव्हा जागा करायला ती झुडपं काढावीत, हे मीच सुचवलं.

शेजारच्या रानातले तात्या बांधावरून बघत होते. त्यांचं बालपण याच माळावर मेंढरांमागे गेलेलं. ते जवळ आले.

"बाई, ही काढू नगा. त्या गुलाबी पाकुळ्या हितंच अंडी घालत्यात. त्यांच्या अळ्या दुसरा पाला खात न्हाईत."

"तात्या, फुलपाखरांना झाडं काय कमी आहेत? ह्याहून चांगली लावतोय आपण," मी हसून म्हणाले. ते बांधाकडे परत वळले.

दोन दिवसांत माळ मुळापासून साफ झाला. खड्ड्यांत गिरिपुष्पाची रोपं उभी राहिली. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी माझं कौतुक केलं.

चौथ्या दिवशी कुंपणाशी टाकलेल्या फांद्यांच्या ढिगावर फुलपाखरं भिरभिरताना दिसली. दोन बोटांवर मावतील एवढी, फिकट गुलाबी, पंखांना काळी किनार. एक मादी सुकत चाललेल्या पानावर पोट टेकवून अंडी घालत होती. मी फांदी उचलली, तर खाली पाल्याच्याच रंगाच्या अळ्या. काही मेलेल्या, काही अजून वळवळणाऱ्या.

जिवंत होत्या तेवढ्या मी खडूच्या खोक्यात भरल्या. ढिगातला पाला सुकला होता, म्हणून गिरिपुष्पाचा कोवळा पाला घातला. त्यांनी तोंड लावलं नाही. मग तात्यांकडे पळाले. ते सायकल काढून पिलूच्या शोधात दिवसभर हिंडले. आसपासचे माळ फोडून सगळीकडे ऊस झालेला. ते संध्याकाळी मूठभर पाला घेऊन आले, तोवर खोक्यात हालचाल उरली नव्हती.

"तात्या, मी तुमचं ऐकायला हवं होतं."

"तुमी शिकल्याल्या. मला वाटलं, माझंच चुकत आसंल," ते म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे मी लांबून पिलूची रोपं आणून तिथेच लावली. ती जगली, पण वाढायला फार वर्षं लागली. बदली होईपर्यंत दर मोसमात मी एकेक पान उलटून बघत असे. एकाही पानाला कधी भोक पडलेलं दिसलं नाही.