वस्तादांचा डावा खांदा

मी तोंडावर बोलणारा माणूस आहे. धुळ्याच्या ज्या शाळेत मी शिकवलं तिथं माझी ओळखच ती होती. हेडमास्तरांचं चुकलं तर मी मीटिंगमध्ये उभा राहून सांगायचो. आमच्या अख्ख्या भावकीत बी.ए. झालेला पहिला मी, आणि त्याचा ताठा मी कधी लपवला नाही. बाप लोकांच्या शेतात औत हाकायचा, आई कापूस वेचायची. अशा घरातून वर आलेल्यानं ताठा लपवायचा कशाला?

पण एका गोष्टीबद्दल मी गप्प बसलो. बायकोलाही पूर्ण सांगितली नाही. ती लिहितो.

आमचं गाव एरंडोल तालुक्यातलं. गावात एक वस्ताद होते. धंदा विहिरी खोदायचा. दिवसभर कुणाच्या तरी शेतात खडकाला भोकं पाडायची, सुरुंग भरायचा, उडालेला दगड वर ओढायचा. संध्याकाळी अंगावर दोन बादल्या पाणी घेऊन ते मरीमातेच्या देवळामागच्या मोकळ्या जागेत यायचे आणि आम्हा पोरांना लाठी शिकवायचे. फी नव्हती. येताना प्रत्येकानं विहिरीवरून एक घागर आणायची आणि धूळ बसावी म्हणून जमिनीवर शिंपडायची, एवढंच. पाणी न आणता आलेल्याला ते काही बोलत नसत, नुसते हातातली काठी बाजूला ठेवून बसून राहत. तो धावत जाऊन घागर घेऊन येईपर्यंत सगळ्यांचा खेळ बंद. मग बाकीची पोरंच त्याला वाटेत शिव्या घालायची.

मी सातवीत असताना गेलो तेव्हा माझे पाय बारीक, छाती आत. पहिले चार महिने त्यांनी माझ्या हातात काठी दिलीच नाही. उभं राहायला शिकवलं. "पाय रोव. हां. आते बोल, काय बोलनं शे ते." हे वाक्य मला पुढं जळगावच्या होस्टेलात कामाला आलं. तिथली पोरं माझ्या बोलण्याची नक्कल करायची, मी 'आहे'ऐवजी 'शे' म्हटलं की सगळा मजला 'शे शे' करायचा. एका संध्याकाळी जेवणाच्या रांगेत मी पाय रोवून उभा राहिलो आणि त्यांच्या म्होरक्याला म्हणालो, "पुन्हा म्हण." तो म्हणाला नाही. काठी नव्हती हातात. नुसता उभा होतो. कॉलेजनं मला पुष्कळ दिलं, पण ते उभं राहणं वस्तादांचं होतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ते एकदा होस्टेलवर आले. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, हातात पिशवी. पोरं बघत होती म्हणून मला थोडं अवघडल्यासारखं झालं, हेही लिहून टाकतो. ते म्हणाले, "दवाखानाना कागद तुले वाचता येस ना? चाल मनासंगे."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं. मागच्या उन्हाळ्यात सुरुंगाची कपची उडून डाव्या डोळ्याला लागली होती. वस्तादांनी लोणी लावून पट्टी बांधली होती. डॉक्टर मला इंग्रजी मिसळून सांगत होता, मी वस्तादांना आपल्या बोलीत सांगत होतो. डाव्या डोळ्यानं आता दिसणार नाही, ऑपरेशनचा उपयोग नाही. ऐकून त्यांनी फक्त मान हलवली, जशी एखाद्या विहिरीला पाणी लागलं नाही तर हलवायचे.

बाहेर चहा पिताना म्हणाले, "गावमा कोनले सांगू नको."

"का वस्ताद?"

"पोरेसले कयनं तं त्या हात राखतीन. हात राखीसन कोनी शिकस का?"

वस्तादांना एका डोळ्यानं दिसत नाही म्हणून पोरं हळू मारतील, मग त्यांना खरी काठी कधी कळणार, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, बरं. शपथ वगैरे काही घेतली नाही. त्यांना ती मागावीशी वाटली नाही.

आता आमच्याकडच्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, रीत सांगतो. आखाजीला माहेरवाशिणी येतात, झाडांना झोके बांधलेले असतात, गाव भरलेलं असतं. त्या दुपारी चावडीपुढच्या निंबाखाली लाठीचा खेळ व्हायचा आणि शेवटची पाळी वस्तादांची. ते पांढरी बंडी घालून रिंगणात उभे राहायचे. कुणाही शिष्यानं पुढं यायचं. काठीचं टोक ओल्या गेरूत बुडवायचं. मारायचं नाही, टेकवायचं. ज्याच्या काठीचा लाल ठिपका वस्तादांच्या बंडीवर उठेल त्याला वस्तादांनी आपला फेटा बांधायचा आणि तो तालमीचा खलिफा, म्हणजे त्यांच्यानंतरचा माणूस. मी पाहत आलो तेव्हापासून तो ठिपका उठला नव्हता. दरवर्षी संध्याकाळी वस्ताद कोरी पांढरी बंडी घालून घरी जायचे आणि लोक म्हणायचे, यंदाही नाही.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी आखाजीला गावी आलो. बरोबर होस्टेलचे दोन मित्र होते. त्यातला एक चाळीसगावच्या व्यापाऱ्याचा मुलगा, त्याला मी आमच्या लाठीबद्दल फार फुगवून सांगितलं होतं. गावातही माझ्याबद्दल बोलणं चाललेलं, कॉलेजनं पोरगं मऊ झालं म्हणून. रिंगणाशी उभा असलेला आमचा चुलतभाऊ, शिवणकाम करायचा, तो मोठ्यानं म्हणाला,

"काय साहेब, पुस्तक आनं का संगे? पान पाहीसन हात मारशी?"

सगळं गाव हसलं. निंबाखाली बसलेल्या बायकाही. माझी बहीण हसली नाही, तिनं मान खाली घातली. मला तेच जास्त लागलं.

माझ्याआधी चौघं गेले. मी पाहत होतो. त्या चौघांपुढं वस्ताद मान किंचित डावीकडं वळवून उभे होते, म्हणजे चांगला डोळा मधोमध येईल अशी. कुणाला ते लक्षात येण्यासारखं नव्हतं. मला येत होतं. मग मी रिंगणात गेलो, काठी त्यांच्या पायाशी ठेवून उचलली, आणि त्यांनी मान सरळ केली.

हे मी कितीदा तरी आठवून पाहिलं आहे. मान सरळ केली. माझ्यापुढं डावी बाजू राखायची त्यांना गरज वाटली नाही, कारण त्या बाजूनं मी येणार नाही हे त्यांनी धरून ठेवलं होतं. गावात तेवढं एकट्या मला माहीत होतं.

तीन-चार हात खरे झाले. त्यांनी सगळे झेलले. मी घामाघूम. चाळीसगावचा मित्र ओरडत होता. मग मी त्यांच्या उजवीकडं पाऊल टाकल्यासारखं केलं आणि काठी त्यांच्या डाव्या बाजूनं खालून आणली. त्यांनी हालचालच केली नाही. टोक खांद्याला अलगद टेकलं. रीतीप्रमाणं, मारलं नाही मी. बंडीवर रुपयाएवढा लाल ठिपका.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. त्यांनाही नाही. खांद्यावरचा ठिपका बघायला त्यांना सगळी मान फिरवावी लागली. मग गाव उठलं. चुलतभावानंच मला खांद्यावर घेतलं. वस्तादांनी फेटा सोडला, पुन्हा नीट घडी करून माझ्या डोक्याला बांधला आणि म्हणाले, "शाब्बास. गावले खलिफा भेटना." गावाला खलिफा मिळाला, असं. मी पाया पडलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ खाली वाकून राहिलो. वर बघायची हिंमत नव्हती. घरी आईनं आलेल्या प्रत्येकाच्या हातावर सांजोरी ठेवली आणि मी ओट्यावर फेटा घालून बसलो. रात्रीपर्यंत मी तो काढला नाही. इतका निर्लज्ज.

मग धुळ्याला नोकरी लागली. गावी जाणं मी टाळू लागलो. पेपर तपासायचे आहेत, शाळेची सहल आहे, कारणं मिळतच गेली. पाच-सहा वर्षांनी आखाजीला गेलो तेव्हा खेळाच्या आदल्या दिवशी सहज देवळामागं सरावाला डोकावलो. नवी पोरं होती. एकेक जण वस्तादांपुढं येत होता आणि प्रत्येकाचा शेवटचा हात डाव्या बाजूनं खालून. काही हात टेकत होते, काही सरळ लागत होते. सरावात काय, पोरं जोर करतात. वस्तादांचा डावा दंड कोपरापासून खांद्यापर्यंत काळानिळा होता.

एका पोरानं मला ओळखलं. "सर, दखा ना, हाऊ तुमना हात शे!" आणि मोठ्या हौसेनं करून दाखवला.

मग कळलं. फेटा एकदाच बांधतात, पण खेळ दरवर्षी होतो, आणि माझ्यानंतर दरवर्षी कुणी ना कुणी वस्तादांच्या बंडीवर ठिपका उठवत होता. जो हात खलिफानं मारला तोच पोरं घोटत होती, आणि तो लागत होता. गाव म्हणत होतं, वस्ताद आता थकले. विहिरीचं काम देणारेही आता विचार करून देत होते.

संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. ते हळद लावत होते. मी म्हणालो, "वस्ताद, पोरांना सांगून टाकायचं होतं. या बाजूनं दिसत नाही म्हणून."

"काय सांगू?" ते म्हणाले. "तुना फेटा खोटा शे म्हनीसन?"

रागानं नाही म्हणाले. मला खरोखर विचारत होते, दुसरा काही मार्ग होता का म्हणून. मग त्यांनीच विचारलं, शाळेत पोरं किती, पगार वेळेवर होतो का.

त्या रात्री मी ठरवलं, पोरांपुढं बोलायचं. सकाळी पोरं पाणी शिंपडत होती. वस्ताद कडेला बसून काचेनं काठी तासत होते. मी पोरांना जवळ बोलावलं आणि सांगितलं, वस्तादांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही, मला ते आधीपासून माहीत होतं, मी त्याचा फायदा घेतला, तो फेटा माझा नव्हता. पाय रोवून उभा होतो मी, आवाजही कापला नाही.

पोरं एकमेकांकडं बघू लागली. मग त्यांच्यातला मोठा हसून म्हणाला, "सर, हाई तुमनं मोठंपन शे. वस्तादनं नाव राखाकरता सांगी राहिनात तुम्ही."

"नाही रे, खरं सांगतो."

"वस्ताद, खरं शे का हाई?"

वस्तादांनी काच थांबवली. आमच्याकडं पाहिलं, मान सरळ ठेवून. "मना दोन्ही डोया बेस शेत," ते म्हणाले. "चला, पानी मारा. धूय उडी राहिनी."

पोरं हसत पाणी मारायला गेली. मी तिथंच उभा. आता एकच मार्ग उरला होता, वस्तादांना खोटं पाडायचं. त्यांच्या डाव्या बाजूला दोन बोटं धरून विचारायचं, किती आहेत सांगा. पोरांपुढं. ते माझ्यानं झालं नाही. ते त्यांच्या मानापायी झालं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण मनात त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं होतं, तेही मला माहीत आहे. मी सांगितलं होतं, कुणी मानलं नव्हतं, आणि माझा फेटा माझ्याकडंच राहिला होता. दुपारचा खेळ न बघता मी धुळ्याची एस.टी. धरली.

पुढच्या वर्षापासून वस्ताद रिंगणात उतरले नाहीत. कडेला बसून शिकवायचे. दोन वर्षांनी वारले, पावसाळ्यात. मला पत्र मिळालं तेव्हा दहावं होऊन गेलं होतं.

त्या दिवशी हसलेला तो मोठा पोरगा आता रावेरकडं असतो. तिथं त्यानं स्वतःची तालीम काढली आहे. दर गुरुपौर्णिमेला त्याचं कार्ड येतं. त्यात लिहितो, वस्ताद गेले, आता तुम्हीच आमचे गुरू, मुलांना तुमचा हात शिकवतो, त्यांचे दंडवत. एका वर्षी मी त्याला सगळं लिहायला घेतलं, डोळा, दवाखाना, डॉक्टर काय म्हणाला ते. अर्धं लिहून झाल्यावर वाटलं, हाही म्हणेल, सरांचं मोठेपण. फाडून टाकलं. मग दुसऱ्या कार्डावर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं, खाली सही केली, आणि पेटीत टाकून शाळेत गेलो. अजूनही तसंच करतो.