लांबलांबची टीम आणि एक पेपर

या टीमचे किस्से मी आधी वहीत लिहून ठेवायचे. वही भरली, किस्से थांबले नाहीत. आमच्या प्रकल्पाचा विषयच तसा: वेगवेगळ्या विषयांची, वेगवेगळ्या गावांतली माणसं एकत्र काम कशी करतात? सोलापुरात समाजशास्त्राचे बिराजदार सर आणि त्यांची सहायक मी, माढ्यात शेतीशास्त्राच्या शिंदे मॅडम, पुण्यात संगणकवाला निखिल. पेपरवर माझं नाव आलं तर पीएच.डी.च्या मुलाखतीत मान वर करून बसता येईल, एवढाच माझा स्वार्थ.

*

पहिली ऑनलाइन मीटिंग. मॅडम माढ्याहून एसटीनं थेट आमच्या कॉलेजात हजर. "मीटिंग हाय म्हटल्यावर घरात बसून कशी करायची?"

मग एका लॅपटॉपसमोर आम्ही तिघं, समोर निखिल एकटा. तो सारखा विचारत होता, आपली टीम लांबलांबची आहे ना?

*

निखिलनं मॅडमकडे मुलाखतींची लिंक मागितली. मॅडमनी एसटी ड्रायव्हरचा नंबर पाठवला. त्याच्याकडे दिलेल्या पिशवीत मुलाखतींच्या वह्या आणि कडक भाकरी.

तेव्हापासून निखिल 'अपलोड करा' म्हणत नाही. गाडी कधी सुटते, विचारतो.

*

पेपर लिहायला शेअर्ड फाइल केली. तिघांचे कर्सर पहिल्या ओळीवर येऊन उभे राहिले. वीस मिनिटं कोणी हलेना. मी मॅडमना फोन केला. म्हणाल्या, सर वयानं मोठे, त्यांच्या आधी कसं लिहायचं? सर म्हणाले, मॅडम बाहेरगावच्या, आधी त्यांना लिहू दे की. निखिलला वाटलं, नेट गेलंय.

पहिला परिच्छेद मी लिहिला. मग उरलेलेही.

*

आमची प्रश्नावली आधी आमच्यावरच वापरून बघायची होती, प्रत्येकानं स्वतंत्र भरून. सरांनी चारही भरून ठेवल्या. तुम्हाला कशाला त्रास, म्हणे. माझ्या नावाखाली प्रश्न होता, 'मतभेद असल्यास मोकळेपणी बोलता का?' उत्तर सरांच्या वळणदार अक्षरात: 'हो, नेहमी.'

मी तावातावानं भांडायला गेले. सर खूश. "बघ, बोलतेस की मोकळेपणी!"

हे भांडण मी जिंकले की हरले, अजून कळलेलं नाही.

*

पेपर जर्नलला पाठवायचा दिवस. लेखकांची यादी सरांनी लग्नपत्रिकेसारखी मानापानानं लावली होती. आधी प्राचार्य, कारण त्यांनी मीटिंगला हॉल दिला. मग सर, मॅडम, निखिल. मी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर.

"सर, माझं नाव?"

"अगं, तू घरचीच. बाहेरच्यांची राहिली तर रुसतात."

मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "व्हय की. घरच्या पोरीनं आधी पंगत वाढायची असती."

मग सर म्हणाले, चल, जर्नलचा तो ऑनलाइन फॉर्म भरून टाक, मला ते जमत नाही. मी फॉर्म उघडला. पहिलाच रकाना, 'मुख्य लेखकाचं नाव'. शेजारी सर बशीत चहा ओतत होते. मी घरच्या पोरीचं नाव टाइप केलं आणि बटण दाबलं.

"झालं?"

"झालं, सर."