किसनमामांची पायरी

किसनमामांच्या अंगणातल्या प्रत्येक जुन्या वस्तूला परवानगीचा कागद तारेने बांधलेला असे. हे निवृत्त शिपाई. गंगाखेडला पत्र्याचं घर, आणि अंगणात निजामाच्या काळातल्या कचेऱ्यांचा संसार मांडलेला: कुठला सागवानी खांब, कुठली पितळी कडी. जुनी सरकारी इमारत पाडायला काढली की मामा एसटीने तिथे हजर. पण मंजुरीशिवाय खिळासुद्धा उचलत नसत. "सरकारी चीज हाय ताई. कागद न्हाई तर आपुन चोर." डाकबंगल्याची रंगीत काचांची खिडकी त्यांनी घराच्या पूर्वेलाच बसवली. का, तर "तिला उगवतीकडं बघायची सवय हाय."

मी तहसिलात कारकून. मामांच्या या छंदाची मी मनमुराद थट्टा करायचे. आमची जुनी कचेरी पाडायची ठरली तेव्हा त्यांनी अर्ज दिला: दारातली झिजलेली दगडी पायरी मिळावी. एवढी नक्षीची महिरप सोडून दगड कशाला, मी विचारलं.

"ह्या पायरीवर माझा बाप बसायचा. गायरान जमिनीच्या पट्ट्यासाठी. लय दिस बसला. अर्ज आत, बाप भाईर. पट्टा काय मिळाला न्हाई."

मी हळहळले, आणि अर्ज फायलीखाली ठेवला. साहेबांची सही तेवढी राहिली होती. उद्या घेऊ म्हटलं. मामा रोज येऊन त्याच पायरीवर बसत. आत येऊन एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, घाई नसेल.

एका सकाळी पोचले तर जेसीबीने पायरी उचकटली होती. दगडाचे दोन तुकडे, शेजारी मामा उभे. मी धावत जाऊन सही आणली. पाच मिनिटं लागली. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. मामांनी कागद नीट वाचला, घडी करून खिशात ठेवला.

"बापापेक्षा माझी किस्मत बरी ताई. मला कागद तरी घावला."

मामा गेल्या वर्षी वारले. मी घरच्यांना भेटायला गेले तर ते दोन तुकडे सिमेंटने सांधून घराच्या दाराशी बसवलेले. ओलांडून आत जायचा धीर होईना. तिथेच बसले. त्यांची सून लगबगीने बाहेर आली. मला ती ओळखत नव्हती.

"मामांनी सांगून ठिवलंय, पायरीवर कुनी बसलं की हातातलं टाकून आधी इचारायचं," ती म्हणाली. "बोला ताई, काय काम हाय तुमचं?"