वजनकाटा

मी तेव्हा जिल्हा परिषदेत बालविकास विभागात कारकून होतो. पिशोरकडच्या एक अंगणवाडीताई दर सोमवारी वजनकाटा मागायला यायच्या आणि बाकावर न बसता माझ्या टेबलाशी उभ्या राहायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

"मंजुरीची फाईल थांबलीय, ताई," मी एकदा म्हणालो.

"फाईल थांबंल, साहेब. लेकरं थांबतेत व्हय? एक पोरगी लई वाळलीय. डॉक्टर इचारतेत, वजन किती घटलं? काय सांगू?"

मी फाईल उचलून साहेबांसमोर ठेवली आणि सही होईपर्यंत तिथून हललो नाही.

काटा आला, तेव्हा ताईंनी आधी मलाच त्यावर उभं केलं. मग तो लेकरासारखा कडेवर घेऊन त्या बसस्टँडकडे निघाल्या.