चार पानांची खुर्ची

त्या हिवाळ्यात मी न्युरेम्बर्गमधल्या आणि आसपासच्या इतक्या खुर्च्यांवर बसलो, की पुढे पुढे दुकानात शिरल्यावर मला माणसांच्या आधी खुर्च्यांचे पाय दिसायचे. लाकडी, लोखंडी, गादीच्या, हात असलेल्या, नसलेल्या. प्रत्येकीवर बसून मी बरोबर आणलेलं पुस्तक उघडायचो आणि वाचताना पहिली चुळबुळ जिथे झाली, तिथवर किती पानं झाली ते वहीत टिपून ठेवायचो. तीन पानं. अडीच. चार. चारच्या पुढे एकही खुर्ची गेली नाही.

बायकोला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. तिने अकरा वर्षं चालवलेलं नऊ टेबलांचं रेस्टॉरंट मुलीने हातात घेतलं होतं. मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने नोकरीतले दिवस निम्मे करून घेतले आणि उरलेले आईच्या स्वयंपाकघरात घातले. चव बरीचशी आईसारखी उतरत होती. लोक येतही होते. पण अर्ध्या-पाऊण तासात उठून जात होते, आणि एकदा गेले की परत फिरकत नव्हते. दर गुरुवारी दुपारी खिडकीपाशी बसणारी चार म्हाताऱ्यांची मैफल तर दिसेनाशीच झाली होती. जागेच्या मालकाने मार्चअखेरपर्यंत कळवायला सांगितलं होतं, करार पुढे चालू ठेवायचा की जागा सोडायची.

"लोक बसणारच नसतील तर सोडू या, बाबा," मुलगी म्हणाली. "आईचं रेस्टॉरंट माझ्या हातात रोज थोडं थोडं मरताना बघणं मला जमणार नाही."

ती माझ्याशी जर्मनमध्ये बोलते, मी तिच्याशी मराठीत. इथे मी दोघांचंही मराठीत लिहितो आहे.

मी आयुष्यभर एका कारखान्यात यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिली. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता असायचा. डावीकडे बिघाड, मध्ये कारण, उजवीकडे उपाय. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी डोकं त्या तक्त्यातच चालतं. माणसं लवकर उठतात, हा बिघाड. कारण शोधायला मला फार वेळ लागला नाही. खुर्च्या.

खुर्च्या बायकोने आणल्या होत्या. शहराबाहेरच्या एका चर्चचं सभागृह बंद होत होतं, तिथून. साध्या बीच लाकडाच्या, पाठ ताठ, आणि पाठीमागे प्रार्थनेचं पुस्तक ठेवायला एक छोटा लाकडी कप्पा. त्या दिवशी ती एकीवर बसली, दोनदा मागे रेलून बघितलं आणि म्हणाली, "अहो, पाठ सरळ राहते. जेवण नीट उतरेल." मागच्या कप्प्यात तिने मेन्यूकार्ड ठेवली. आम्ही बौद्ध माणसं, चर्चच्या खुर्च्यांवर विदर्भाची पाटवडी खाऊ घालणार, याचं तिला फार हसू यायचं. मला त्या तेव्हाही टणक वाटल्या होत्या. मी बोललो नव्हतो. आता बोललो.

मुलीने ऐकून घेतलं. तिलाही काहीतरी कारण हवंच होतं.

फर्निचरच्या त्या मोठ्या दुकानातला विक्रेता उंच, उत्साही गृहस्थ होता. मी तिसऱ्या खुर्चीवर पुस्तक उघडलं तेव्हा तो मुलीच्या कानाशी म्हणाला, "तुमचे वडील लायब्ररी काढतायत का?"

"नाही," मुलगी म्हणाली. "ते खुर्चीची परीक्षा घेतायत."

"मग पास कोण झालं?"

"अजून कुणी नाही. माझ्याही बाबतीत असंच होतं शाळेत."

विक्रेता मनापासून हसला. मग त्याने आम्हाला सजावटीचा विभाग दाखवला. तिथे फळीवर बुद्धाची डोकी ओळीने मांडलेली होती. राखाडी, सोनेरी, एक तर हिरवट. मानेपासून खाली काही नाही. आशियाई रेस्टॉरंटवाले हमखास नेतात, दारापाशी ठेवलं की गिऱ्हाइकाचं मन शांत होतं, असं तो सांगत होता. मी खाली बघत राहिलो. अशा वेळी मला बोलता येत नाही.

"आमच्या घरी आहेत," मुलगी म्हणाली. "मानेखालीसुद्धा आहेत."

त्याने लगेच माफी मागितली आणि सहा गादीच्या खुर्च्या तीन आठवडे वापरून बघायला दिल्या. राखाडी, मऊ, किंचित मागे झुकलेल्या. वहीत त्यांच्यापुढे चार पानं लिहिलेली होती. त्यातल्या त्यात बऱ्या.

त्या आल्या आणि माझी खरी धावपळ सुरू झाली. सहा खुर्च्या कुठल्या टेबलांना द्यायच्या? खिडकीच्या दिल्या तर आतली टेबलं गरीब दिसतात. आत दिल्या तर रस्त्यावरून दिसत नाहीत. सकाळी मी मांडणी करायचो, दुपारी मोडायचो. दिवे खाली घेतले, मग परत वर. टेबलांवर सुती कापड अंथरलं, काढलं, कागदी अंथरलं. बासरीची एक ध्वनिफीत लावली, दोन दिवसांनी ती मलाच सहन होईना. घरी बसवत नव्हतं. पहाटे जाग आली की डोक्यात टेबलं सरकायला लागायची आणि मी पहिली ट्राम पकडून जाऊन ती खरोखर सरकवायचो.

आणि उपाय लागू पडतो आहे की नाही हे कळायला हवं, म्हणून मी काउंटरपाशी उभा राहून वेळ टिपायला लागलो. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बघायचं आणि लिहायचं. टेबल दोन, गादी, आले बारा दहा, उठले बारा एक्कावन्न. टेबल सात, लाकडी, आले बारा वीस, उठले एक. तीन आठवडे मी हे अतिशय काटेकोरपणे केलं. वेळ कमी होत होता. गादीवरही आणि लाकडावरही.

एका दुपारी दोन टेबलं एकदमच रिकामी झाली. कोपऱ्यातल्या जोडप्याने तर चहाही नको म्हटलं. मी लगेच कोपऱ्यातलं टेबल भिंतीपासून ओढायला घेतलं. मुलगी हात पुसत बाहेर आली.

"बाबा, बसा जरा."

"बसवत नाही गं. या खुर्च्याही नाहीत बरोबर. दुसऱ्या बघू."

"किती पानं?"

"काल परत वाचून बघितलं. साडेतीन."

ती काउंटरकडे गेली. माझं पुस्तक तिथेच होतं. तिने ते उघडलं, खूण काढली, परत घातली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "ही खूण आईच्या औषधाच्या चिठ्ठीची आहे."

मी टेबल आणखी थोडं ओढलं.

"एकोणचाळिसाव्या पानावर आहे. हॉस्पिटलमध्येही तिथेच होती. मी बघितली होती. तुम्ही प्रत्येक खुर्चीवर हीच चार पानं वाचताय, बाबा. खुर्चीला काय करायचंय त्याला?"

हॉस्पिटलमधली खुर्ची मला आठवली. निळ्या रेक्झिनची, पलंगाच्या उजव्या बाजूला. तिच्यावर मी पाच आठवडे बसलो होतो आणि एकदाही चुळबुळ झाली नव्हती.

मुलगी आत गेली. कढईत काहीतरी जोरात हलवल्याचा आवाज आला. मी टेबल परत भिंतीला लावलं आणि कोट चढवून बाहेर पडलो.

मार्च लागला होता, तरी गार होतं. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. मी नदीच्या कडेने चालत बाजारापर्यंत गेलो. तिथे भाजीच्या गाड्यापाशी गुरुवारच्या चौघांपैकी एक उभा होता, पांढऱ्या मिशांचा, जन्मभर लेथवर काम केलेला. मला बघून त्याने टोपी काढली. बायको गेली तेव्हा हे चौघेही आले होते. पांढऱ्या कपड्यांतल्या आमच्या लोकांमागे, काळ्या कोटांत, वंदना संपेपर्यंत उभे होते.

हवेचं बोलून झालं. शेवटी मीच विचारलं, इतकं सरळ मी क्वचितच विचारतो. "तुम्ही येत नाही आता. खुर्च्या टणक आहेत का?"

"खुर्च्या?" तो म्हणाला. "अकरा वर्षं बसलो की त्यांच्यावर."

मग त्याने कोबीचा गड्डा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आम्ही आलो होतो. फेब्रुवारीत. तुम्ही घड्याळात बघून लिहीत होतात. आम्हाला वाटलं, टेबल दुसऱ्या कुणाला हवंय. कॉफी घरी जाऊन प्यायलो."

मला कानापर्यंत गरम झालं. फेब्रुवारीतली ती नोंदही वहीत असणार. चार माणसं, टेबल एक, एवढे वाजता आले, तेवढे वाजता उठले. मी चेहरे बघितलेच नव्हते.

"आणि ताट एकदाच येतं आता," तो म्हणाला. "चांगलं असतं. भरलेलं असतं. पण संपलं की संपलं. तुमची बायको..." त्याने कोबी काखेत धरला आणि उजवा तळवा हवेत आडवा धरला, खाली ताट असल्यासारखा. "हे करायला लागत नाही आता."

बायको ताटात आधी थोडंच वाढायची. मग पातेलं आणि ओगराळं घेऊन बाहेर यायची आणि टेबलाटेबलाशी थांबून विचारायची, "अजून घालू?" जर्मनमध्ये नाही, मराठीतच. लोकांना अर्थ कळायचा. नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा, हे तिने सगळ्यांना शिकवलं होतं. त्या फेऱ्यांमध्ये बोलणं व्हायचं, गुडघेदुखी, नातवंडं, मॅच, आणि तास निघून जायचा. मुलीला आतून हलता येत नव्हतं, म्हणून तिने सगळं एकदम वाढायला सुरुवात केली होती. आणि ओगराळं धरायला मोकळा असलेला एकुलता एक माणूस काउंटरपाशी पेन धरून उभा होता.

"गुरुवारी पाटवडी आहे," मी म्हणालो.

"आल्झो," म्हणजे बरं तर, एवढंच तो म्हणाला आणि टोपी घातली. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही.

मी परत आलो, वही मुलीपुढे ठेवली आणि बाजारात जे ऐकलं ते सांगितलं. तिने दोन-तीन पानं चाळली. "तुम्ही हे सगळ्यांच्या समोर लिहीत होतात?"

"हो."

"मला वाटलं, तुम्ही डायरी लिहिताय. मी मुद्दाम विचारलं नाही." तिने डोळ्यांवर हात ठेवला. हसते आहे की रडते आहे ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं. मग तिने स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि वहीसकट खालच्या खणात ठेवून दिलं.

गुरुवारी साडेबाराला चौघं आले. खिडकीपाशी तेव्हा गादीच्या खुर्च्या होत्या. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, शेजारच्या टेबलाच्या लाकडी खुर्च्या ओढून घेतल्या आणि गादीच्या नीट तिकडे लावून ठेवल्या. मुलीने ताटात बेताने वाढलं. दहा मिनिटांनी तिने रश्शाचं पातेलं माझ्या हातात दिलं, त्यात तिच्या आईचं ओगराळं.

तीन पावलांचं अंतर होतं. मला त्या टेबलाशी जाऊन तोंड उघडायचं होतं, एवढंच. पातेलं गरम होतं, फडकं पातळ होतं. मी मिशीवाल्यापाशी उभा राहिलो. "अजून घालू?" म्हणालो. आवाज फारच बारीक निघाला.

त्याने ताटावर हात आडवा धरला.

मी मान हलवली आणि वळून सरळ आत आलो.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

"नको म्हणाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, आईने कधी कुणाचं पहिलं नको ऐकलं होतं?"

खरं होतं. इतकी वर्षं इथे राहून नको म्हणजे नको हे माझ्या अंगात भिनलं होतं. बायकोच्या अंगात ते शेवटपर्यंत शिरलं नाही. मी परत गेलो. तो हात अजून तिथेच होता, ताटावर आडवा. चौघेही माझ्याकडे बघत होते.

"थोडं," मी म्हणालो. "आज मुलीने केलंय."

त्याने आधी करंगळी उचलली, मग एकेक बोट, मग हात बाजूला घेतला. मी वाढलं. थोडा रस्सा टेबलावरच्या कागदावर सांडला. "ती नाही सांडायची," तो म्हणाला, आणि पलीकडचा म्हणाला, "तीही सांडायची. तू तिच्याकडे बघत असायचास, म्हणून तुला दिसायचं नाही." मिशीवाला लाल झाला. मी हसलो. माझ्या हसण्याचा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मग पुढचं टेबल, मग त्याच्या पुढचं. एका तरुण मुलीला हात आडवा धरायचं माहीत नव्हतं, ते मिशीवाल्याने आपल्या जागेवरून तिला शिकवलं. मी किती फेऱ्या केल्या आठवत नाही. चौघं किती वेळ बसले हेही सांगता येणार नाही. पातेलं तीनदा भरून आणलं, एवढं खरं.

शेवटचं टेबल पुसताना मुलगी म्हणाली, "सोमवारी जरा हात लावा. त्या सहा खुर्च्या परत द्यायच्यात. मालकाला आज लिहून टाकते, जागा ठेवतोय म्हणून."

सोमवारी खुर्च्या उतरवून घेताना त्या विक्रेत्याने मला ओळखलं. "मग, शेवटी किती पानं झाली?"

मी म्हटलं, वाचायला बसलोच नाही. ते खरंच होतं. पुस्तक काउंटरवर तसंच आहे, चिठ्ठीही त्याच पानात आहे. दुपारी लोक असतात. माझे पाय दुखतात, पण पाय दुखण्याचं कारण ठाऊक आहे.